टोपलीतला एक तास

पहिलं पिल्लू जगात आलं, दोनदा शिंकलं आणि कोणालाही पत्ता न विचारता सरळ आईच्या आचळाकडे निघालं. चिंतामणीने त्याला वाटेतच उचललं.

“अरे बाप्पा!” अंजनी म्हणाली. “धड जलमलं नाही ते, आन् तुम्ही त्याले अटक करून राहिले?”

“तोंड लागू देऊ नको, अंजनी. एक थेंबसुद्धा नको.”

“आई हाय ते त्याची.”

“माहीत आहे. म्हणूनच.”

पिल्लू तळहातावर मावत होतं आणि अंगाच्या मानाने फारच मोठ्या आवाजात तक्रार करत होतं. चिंतामणीने पिचकारी उचलली, पिल्लाच्या कानामागच्या कातडीला चिमटा घेतला, सुई टोचली आणि त्याला बांबूच्या टोपलीत ठेवलं. टोपलीत अंजनीचं जुनं लुगडं अंथरलेलं होतं. पिल्लाने लुगड्यात आई शोधली आणि ती न सापडल्यामुळे पुन्हा बोंब ठोकली. आडवी पडलेली डुकरीण मान वर करून चिंतामणीकडे एकटक पाहत होती. तिचं दुसरं पिल्लू वाटेवर होतं म्हणून ती उठली नाही. नाहीतर ही कथा इथेच संपली असती, आणि बहुधा चिंतामणीही.

चिंतामणी पांढरीपांडे जबलपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. दवाखान्यात गाई येत, म्हशी येत, लष्करी साहेबांची कुत्री तर जीपमधून येत. डुकरं मात्र येत नसत. त्यांच्याकडे आपणच जावं लागे, आणि जायचं कोणी हा प्रश्न निघाला की सगळा दवाखाना एकाच माणसाकडे बघे. याचं कारण एवढंच की नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याने, “डुकराला ताप आला हे कळतं कसं?” असं विचारलं होतं. सरकारी नोकरीत जो प्रश्न विचारतो, उत्तर शोधायलाही त्यालाच पाठवतात.

त्याच्या घरातले बाकी सगळे तोफांचे. वडील तोफगाड्यांच्या कारखान्यात, दोन काका दारूगोळ्याच्या कारखान्यात, आत्याचे यजमान तिथेच स्टोअरमध्ये. हे घराणं नागपूरकडून इकडे आलं ते इंग्रजांच्या मोठ्या लढाईच्या आधी, आणि तेव्हापासून घरातली माणसं दिवसभर माणसं मारायचं सामान तयार करून संध्याकाळी सोवळ्याने जेवत होती. एकटा चिंतामणी डुकरं जगवण्याच्या धंद्यात पडला होता. त्याला मागच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायची बंदी होती.

बंदी त्याच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. अण्णा इन्स्पेक्शनमध्ये तीस वर्षं काढून रिटायर झाले होते. त्यांचे नियम दोन. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही माल पास करायचा नाही, आणि एकदा पास केलेला माल पुन्हा तपासायचा नाही. रिटायर झाल्यावर तोफगाड्या सुटल्या, नियम सुटले नाहीत. भाजीवालीच्या टोपलीतली वांगी “पास, पास, रिजेक्ट” अशी वेगळी होत. पत्नी गेल्यापासून घरातले कुळाचार, सोयर, सुतक, सगळं त्यांच्याच इन्स्पेक्शनखाली आलं होतं, आणि कोणत्याही सासूने केला नसेल एवढा काटेकोर सासुरवास घर निमूटपणे सोसत होतं. चिरंजीव काय करतात असं कोणी विचारलं, की अण्णा म्हणत, “हेल्थमध्ये आहे. इंजेक्शनचं बघतो.” कोणाच्या हेल्थमध्ये, हे ते सांगत नसत.

या सगळ्यांत एक गोष्ट कोणी बोलत नसे. चिंतामणीला आणि हेमलताला दोन वर्षांपूर्वी मुलगा झाला होता. तो बारशापर्यंत पोचला नाही. ज्याचं नाव ठेवायचंच राहिलं त्याच्याबद्दल बोलायचं तरी कोणत्या नावाने? तेव्हा घराने तो विषय मिटवला. चिंतामणीला मात्र तेव्हापासून एक खोड लागली. कोणतंही पिल्लू मेलं की तो विचारायचा, काहून मेलं? आणि जगलं तरी विचारायचा, काहून जगलं? दुसरा प्रश्न ऐकून लोक त्याच्याकडे जरा जपून बघत.

आता हेमलताला पुन्हा दिवस गेले होते. सातवा लागला होता.

बाळंतपणाला येणार होती ती हीच अंजनी. रांझीच्या नाल्यापलीकडे बसोरांची वस्ती होती. तिथले लोक बांबूच्या टोपल्या-सुपं विणत, डुकरं पाळत, आणि त्यांच्या बायका आसपासच्या सगळ्या घरांतली बाळंतपणं करत. चिंतामणी अंजनीच्या सासूच्या हातावर जन्मला होता. अंजनी मूळची बालाघाटकडची, त्यामुळे तिला मराठी येत होती. आणि जिथे येत नव्हती तिथे ती हिंदीचं ठिगळ लावून पुढे जात होती. पांढरीपांड्यांच्या घरात ती बाळंतपणापुरती मागच्या दाराने आत येई, सूपभर धान्य आणि लुगडं घेऊन मागच्याच दाराने जाई, आणि मग खोली धुतली जाई. अंजनीचं यावर काही म्हणणं नव्हतं, किंवा असलं तरी ते कोणी विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात वस्तीत डुकरांच्या तापाची साथ आली होती. जनावराचे कान जांभळे पडत, मागचे पाय लटपटत, आणि चार दिवसांत ते आडवं होई. चिंतामणीने सायकलवर थर्मास बांधून सगळ्या वस्तीला लस टोचली होती. मोठी डुकरं वाचली. पिल्लं, ज्यांना त्याने तितक्याच प्रेमाने टोचलं होतं, ती साथीच्या पुढच्या फेरीत एकेक करून गेली. वस्तीने सरळ हिशेब केला: सुईने मेली. शेजारचा तुळशीराम तर चिंतामणी दिसला की पिल्लं टोपलीखाली झाकून टोपलीवर स्वतः बसायचा.

अंजनीची सगळी पिल्लं गेली. उरली ही एक डुकरीण. लेकीचं लग्न तिच्याच पोटावर ठरलं होतं.

“काहून मेली?” चिंतामणीने डॉक्टरसाहेबांना विचारलं होतं. डॉक्टरसाहेब भले गृहस्थ होते. त्यांना प्रश्न आवडायचे, फक्त ऑफिसच्या वेळात आवडायचे नाहीत. पाच वाजल्यावर ते म्हणाले, “मी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलंय. ज्या आईला लस मिळाली आहे तिच्या दुधातून पिल्लाला संरक्षण मिळतं. ते दूध इतकं कडक असतं की आपली लस आत गेली की तिलाही शत्रू समजून मारतं. पुढे दुधाचा जोर ओसरतो, लसीचा तर पत्ताच नसतो, आणि पिल्लू उघडं पडतं.”

“मग टोचायचं कधी?”

“कोणी कोणी म्हणे जन्मल्याबरोबर टोचून पाहिलं. पहिलं दूध पोटात जायच्या आधी. मग तासभर आईपासून दूर ठेवायचं, लसीला पाय रोवू द्यायचे, आणि मग पाजायचं.” डॉक्टरसाहेबांनी टोपी घातली. “आपल्या नियमांत हे बसत नाही. तुम्ही मला विचारलं नाही, आणि मी काही बोललो नाही.”

“जी,” चिंतामणी म्हणाला. “आणि समजा, केलं तर?”

“तर काय झालं ते मला पाच वाजल्यानंतर सांगा.”

म्हणून एकाहत्तर सालच्या डिसेंबरातल्या त्या सकाळी तो डुकरिणीच्या उशाशी बसला होता. लढाई आदल्या संध्याकाळीच सुरू झाली होती. शहरातली सगळी माणसं रेडिओला कान लावून होती, आणि चिंतामणी डुकरिणीच्या श्वासाला.

आठ पिल्लं झाली. शेवटचं टोचून झालं तेव्हा टोपलीतून असा कल्लोळ चालला होता की तुळशीराम कुडावरून डोकावून म्हणाला, “क्या कंपाउंडर बाबू, इस बार पैदा होते ही?”

“तू अपनी टोकरी पे बैठ,” अंजनी म्हणाली. मग चिंतामणीला हळूच, “आता पाजू?”

“नाही, नाही. तासभर थांबायचं. जास्तच बरं.” त्याने थर्मासमधल्या बर्फावरची कुपी पाहिली. एकदा औषध पाण्यात विरघळलं की ते फार वेळ टिकत नाही, आणि कुपीत अजून बऱ्याच जनावरांपुरतं उरलं होतं. महाराजपूरला एक कळप वाट पाहत होता. “हे वाया जाईल. मी महाराजपूरला टोचून येतो. तू असं कर, बाराचा भोंगा झाला की पिल्लं आईजवळ सोड. त्याच्या आत नाही. काही झालं तरी नाही.”

वेळ सांगायची जबलपूरमधली हीच रीत होती. अंजनीकडे घड्याळ नव्हतं, वस्तीत कोणाकडेच नव्हतं, आणि ते नसल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कारखान्यांच्या भोंग्यावर सगळ्या गावाचा भात चढे, पोरं शाळेत जात, नवरे घरी येत. पंचांगात चूक निघेल, भोंग्यात निघणार नाही, असं अण्णा म्हणत.

“भोंगा झाल्यावर,” अंजनीने पक्कं केलं. “त्यात काय! आपली लेकरं तर आपण तारा उगवेपर्यंत ठेवतो.”

हे खरं होतं. बाळ दिवसा केव्हाही जन्मो, आईचं दूध त्याला मिळायचं ते संध्याकाळी पहिला तारा दिसल्यावर. तोवर गुळाच्या पाण्याचं बोट. सुरुवातीचं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, बाळाला जड, म्हणून ते वाटीत पिळून झाडाच्या बुडाशी ओतायचं. आपली मंडळी इकडे आली ती स्वतःच्या पद्धती घेऊन, पण इथे भेटलेल्या पद्धतींनाही त्यांनी नाही म्हटलं नाही. या एका बाबतीत आपण कधीच हात आखडता घेतला नाही.

चिंतामणी निघाला. महाराजपूरचं काम झालं. परत येताना कारखान्याच्या रस्त्यावरच्या नाक्यावर कालपर्यंत नसलेला एक बांबू आडवा होता आणि बांबूमागे कालपर्यंत नसलेला एक शिपाई.

“रुको. इसमें क्या है?”

“बर्फ.”

“दिसंबर में बर्फ?”

“दवाई के लिए है, भैया.”

शिपायाने थर्मास उघडला, आत डोकावला, कानाला लावला. “और ये सुइयाँ? ये शीशी?”

“टीका लगाने का.”

“किसको?”

“सूअर को.”

शिपायाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सदऱ्याच्या गळ्यातून जानवं दिसत होतं. “नाम?”

“चिंतामणी पांढरीपांडे.”

“पांडे होके सूअर को टीका लगाते हो?” शिपायाचा संशय आता पक्का झाला. “सूअर कहाँ है?”

“घर पे.”

“तुम्हारे?”

“नहीं, उसके अपने.”

खरी उत्तरं इतकी संशयास्पद असू शकतात याची चिंतामणीला कल्पना नव्हती. त्याला बाकावर बसवण्यात आलं. थर्मास बांबूच्या पलीकडे, माणसांपासून लांब, वाळूच्या पोत्यांमागे ठेवण्यात आला. हवालदार आल्यावर निर्णय होणार होता, आणि हवालदार येणार होता.

चिंतामणी स्वस्थ होता. माहितीच हवी तर दवाखान्यात फोन करतील. ऊन छान होतं. पिल्लांचं म्हणाल तर बाराचा भोंगा होईल, अंजनी त्यांना सोडेल. तो बाकावर बसून भोंग्याची वाट बघू लागला. ऊन बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकलं. जेवणाच्या सुट्टीतली माणसं फाटकातून बाहेर आली, डबे खाऊन परत आत गेली.

“भैया,” त्याने विचारलं, “बारह का भोंगा नहीं बजा?”

“अब नहीं बजेगा,” शिपाई म्हणाला. “आज से बंद. सबेरे ही ऑर्डर आया है. अब बजा तो समझना ऊपर जहाज आया. बम वाला.”

चिंतामणी उभा राहिला.

“बैठो.”

“मुझे जाना है. वो औरत भोंगे का रास्ता देख रही है.”

“कौन औरत?”

“सूअर वाली.”

“बैठो,” शिपाई म्हणाला, या वेळी जरा मायेने. त्याच्या मते हा आता हेर राहिला नव्हता, नुसताच वेडा ठरला होता.

हवालदार आला. तो खेड्यातला, घरी डुकरं नसली तरी म्हशी असलेला माणूस होता. त्याने पिचकारी ओळखली आणि शिपायाला चार शब्द सुनावले. चिंतामणी थर्माससुद्धा न घेता सायकलवर बसला.

वस्तीजवळ येताच त्याला आवाज आला. डुकरीण ओरडत नव्हती. तो आवाज ओरडण्याच्या पलीकडचा होता. तिला बांबूच्या तट्ट्याआड अडकवलं होतं आणि ती सगळ्या अंगानिशी तट्ट्यावर आदळत होती. तट्ट्याला पाठ लावून अंजनी बसली होती. तिच्या दंडावर लांब ओरखडा होता आणि त्यावर हळद. मांडीत टोपली, टोपलीवर तिचीच गोधडी, आणि अंगावर डिसेंबरातल्या थंडीला पुरणार नाही असं एक पातळ लुगडं.

“आले तुम्ही?” ती म्हणाली. “भोंगा झाला काय जी? माझ्या कानाले तर नाही आला. तुळशीरामलाबी विचारलं.”

चिंतामणी टोपलीशी खाली बसला. त्याने गोधडी उचलली.

टोपलीत आता कल्लोळ नव्हता. पिल्लं एकमेकांत घुसून एकाच ढिगासारखी झाली होती. अंजनी सांगत होती, गुळाचं पाणी दिलं बोटाने, सगळ्यांना पाळीपाळीने, लेकरांना देतो तसं. एकदा वाटलं सोडावं, पण तुम्ही म्हणाले, काही झालं तरी नाही. अन् मागच्या खेपेले आम्हीच तुमचं ऐकलं नसंल, म्हणून मेली, असं वाटून गेलं.

त्याने ढीग सोडवला. तीन गार पडली होती. पाच अजून ऊबदार होती. त्यातलं एक नुसतं नावाला.

“भोंगा बंद केलाय,” तो कसाबसा म्हणाला. “लढाई आहे म्हणून. तो वाजणारच नव्हता. माझी चूक आहे, अंजनी.”

अंजनीने तट्टा सरकवला. डुकरीण पिल्लांपाशी येऊन धाडकन आडवी झाली. पाचही पिल्लं, नुसतं नावाला असलेलंसुद्धा, अशी चिकटली की सकाळपासून त्यांनी दुसरा विचारच केला नसावा. वस्तीत एकदम शांत झालं. अंजनीने ती तीन एका सुपात घेतली आणि पदराने झाकली.

“एक सांगा,” ती म्हणाली. “काहून ठेवायचं होतं दुधावाचून?”

तिने रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चिंतामणीने डॉक्टरसाहेबांचं सगळं तिला सांगितलं. आईने सोसलेल्या सगळ्या रोगांची ओळख तिच्या पहिल्या दुधात उतरते. बाहेरचं काही आत आलं की ते दूध त्याच्यावर तुटून पडतं, आमच्या औषधावरही.

“पयल्या दुधात? चिकात?”

“त्यातच सगळ्यात जास्त.”

“इतकी ताकद की सरकारी औषधालेबी मारते?”

“हो.”

अंजनी विचार करू लागली. सूप तिच्या हातातच होतं.

“मंग आपण ते झाडाच्या बुडाशी काहून ओततो?” ती म्हणाली.

आयुष्यभर चिंतामणीने लोकांना काहून विचारलं होतं. त्यालाही कोणी विचारू शकतं याची त्याने तयारीच केलेली नव्हती.

पौषात साथ पुन्हा आली. नाल्यालगतच्या घरांतली पिल्लं गेली, तुळशीरामची टोपलीखाली जपलेलीही गेली. अंजनीची पाच त्याच चिखलात लोळत होती, तेच उष्टं खात होती आणि दिवसेंदिवस जाड होत होती. चिंतामणी रोज जाऊन त्यांचे कान बघायचा. तुळशीरामने पहिल्यांदा त्याला बिडी देऊ केली. डॉक्टरसाहेब पाच वाजल्यानंतर म्हणाले, “पाच पिल्लांवरून काही सिद्ध होत नाही, पांढरीपांडे.” मग थोडं थांबून म्हणाले, “कान अगदी स्वच्छ आहेत?”

“अगदी.”

“हं,” डॉक्टरसाहेब म्हणाले. सरकारी खात्यात याहून मोठा आनंद कोणी बोलून दाखवत नाही.

घरी मात्र काही सिद्ध होणं त्याहून अवघड होतं. चिंतामणीने जेवताना विषय काढला.

“अण्णा, बाळाला पहिलं दूध लगेच दिलं तर? ताऱ्याची वाट न बघता?”

“कोणी सांगितलं?”

चिंतामणीने चूक केली. तो खरं बोलला. “डुकरांवरून लक्षात आलं.”

अण्णांनी भातावरचा हात आखडला. “या घरात तीन पिढ्या तारा बघून दूध दिलंय. मलाही तसंच दिलं, तुलाही. आपण काय रिजेक्ट निघालो?” मग ताटाकडे बघत म्हणाले, “डुकरांचं मागच्या नळापर्यंत. पुढे नाही.”

हेमलता वाढत होती. नंतर भांडी आवरताना तिने नवऱ्याला विचारलं, “ती तीन काहून गेली हो? रोगाने?”

“नाही. दुधाविना. थंडीत तेवढा वेळ...”

“गूळपाणी दिलं होतं ना अंजनीने?”

“दिलं होतं.”

हेमलताने हातातलं पातेलं पालथं घातलं. “त्यालाही दिलं होतं,” ती म्हणाली. दोन वर्षांत त्याच्याबद्दल या घरात बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य.

लढाई कधीच संपली होती. भोंगे पुन्हा वाजू लागले होते. फाल्गुनातल्या एका सकाळी हेमलताच्या कळा सुरू झाल्या आणि अंजनी मागच्या दाराने आत आली. अण्णांनी गूळपाणी, मध, स्वच्छ फडकी आणि चिकासाठी पितळी वाटी आधीच मांडून ठेवली होती. प्रत्येक वस्तू त्यांनी उजेडात धरून पाहिली होती. मग ते पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. चिंतामणी पायरीवर बसला. डुकरिणीच्या बाळंतपणात तो उशाशी बसू शकत होता. इथे त्याला आत प्रवेश नव्हता.

बाराचा भोंगा झाला. तो विरतो न विरतो तोच आतून दुसरा वाजला, बारीक आणि जोरकस.

“झालं,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. “आता संध्याकाळपर्यंत धीर धरायचा.”

आतलं रडणं वाढत गेलं. भिंतीपलीकडून अंजनीचं पुटपुटणं आलं, हेमलताचा थकलेला आवाज आला, काहीतरी एकच शब्द. वाटी कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग रडणं थांबलं. ते हळूहळू उतरत गेलं नाही, मधूनच तुटल्यासारखं एकदम थांबलं.

चिंतामणी पायरीकडे बघत राहिला.

अण्णांनी तीस वर्षं आवाजावरून यंत्र ओळखलं होतं. काय चालू झालं की काय बंद पडतं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. ते खुर्चीतून उठले. दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. क्षणभर त्यांचा हात कडीवर राहिला. कदाचित त्यांना दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला असेल, ज्या दिवशी याच दारात उभं राहून त्यांनी स्वतः, तारा दिसला, आता पाजा, असं सांगितलं होतं, आणि तेव्हा ते बाळ चोखण्याइतकंही उरलं नव्हतं. ते बोलले तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

“अंजनी, तारा दिसला का?”

अंगणात ऊन असं पडलं होतं की तुळशीवृंदावनाची सावली त्याच्या पायाशीच गोळा झाली होती.

“दिसला जी, अण्णाजी,” अंजनी आतून म्हणाली.

अण्णा अंगणात उतरले. डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांनी मान वर केली. वर एक घार होती आणि बाकी नुसतं निळं. त्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे सावकाश सगळं आकाश पाहिलं, मोठा माल आल्यावर पाहत असत तसं. डोळ्यांना पाणी आलं, पण ते उन्हामुळेही येतं.

“पास,” अण्णा म्हणाले, आणि खुर्चीत येऊन बसले.

संध्याकाळी अंजनी सूपभर धान्य घेऊन मागच्या दाराने गेली. जाण्याआधी तिने पितळी वाटी, वापरलेली नसतानाही, घासली आणि नळाजवळ पालथी घातली. खोली धुवायला पाण्याची बादली भरलेली होती. ती रात्रीपर्यंत तशीच भरलेली राहिली. मग चिंचेच्या झाडावर खरा तारा उगवला. चिंतामणीला तो पायरीवरून स्पष्ट दिसत होता.

अण्णा त्याच्याकडे पाठ करून बसले होते. एकदा पास केलेला माल ते पुन्हा तपासत नसत.